न शिवलेली जखम

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांच्या मोठ्या आतड्यातील गाठ शस्त्रक्रियेने काढली. चार दिवस सर्व ठीक होते. पाचव्या दिवशी ताप चढला, नाडी १२० वर गेली, पोट टणक फुगले आणि गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ सांगणारे मेहुणे असंबद्ध बोलू लागले. आदल्या रात्रीच ताई म्हणाली होती, "यांना धाप लागते आहे, लघवीही कमी झाली आहे." 'गॅस असेल' म्हणून आम्ही सर्वांनी तिचे बोलणे उडवून लावले. ती वाया गेलेली रात्र मला अजून सलते.

आतड्याचा जोड सुटला होता. मळ पोटात पसरल्यावर नुसत्या प्रतिजैविकांवर भागत नाही. गळती आधी बंद करावी लागते. बँकेत अपहार सापडला की प्रथम खाते गोठवतात, चौकशी मागाहून होते, तसेच हे. पोट पुन्हा उघडले, सलाइनने धुतले आणि आतड्याचे वरचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढले. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, "पोट शिवलेले नाही."

भाचा संतापला. रुग्णालय बदलण्याचीच भाषा सुरू झाली. सर्जननी शांतपणे समजावले: सुजलेली आतडी बळेच आत कोंबून टाके घातले तर आतला दाब वाढतो, मूत्रपिंडे थकतात, श्वास कोंडतो, शिवाय दोन दिवसांनी पुन्हा आत पाहायचेच आहे. १९८४ साली कोलंबियातील बोगोटा येथे ओस्वाल्डो बोर्रायेस या सर्जननी अशा उघड्या पोटावर सलाइनच्या पिशवीचे निर्जंतुक प्लास्टिक शिवले होते. 'बोगोटा बॅग' हे नाव त्या शहरावरूनच पडले. आमच्याकडे स्पंज बसवून यंत्राने द्रव ओढून घेत.

खरा पेच आहाराचा पडला. जखमेतून झिरपणाऱ्या द्रवाबरोबर प्रथिनेही जातात. ६० किलोच्या अशा रुग्णाला दिवसाला सुमारे ९० ग्रॅम प्रथिने लागतात. मुगाच्या पाण्याने ती भरत नाहीत. नळीवाटे आहार रात्रंदिवस चालणार होता आणि मेहुण्यांचा चौविहार वीस वर्षांत चुकला नव्हता. ताई गप्प बसली. तिच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, "आधी वाचू दे त्याला. प्रायश्चित्त तो महाराजांपुढे बसून घेईल." प्रश्न तिथेच मिटला.

नवव्या दिवशी आतले थर शिवले. वरची त्वचा मात्र मुद्दाम उघडी ठेवली, जखम तळापासून भरत यावी म्हणून. घरी मळाच्या पिशवीचे भोक ताई मोजून कापी; ते मोठे झाले की भोवतीची कातडी सोलवटते. ड्रेसिंगच्या साहित्यातील बराचसा खर्च विम्यात बसला नाही. पॉलिसीतील ती कलमे एकदा आपणही वाचून ठेवावीत.

आठ महिन्यांनी आतडे पुन्हा जोडले. मेहुणे आता पट्टा बांधून पेढीवर बसतात. गोणी उचलायची मनाई आहे, पण उधारी पुन्हा तोंडपाठ झाली आहे.