मुक्काम हरवलेल्या यात्रा

चैत्रात चिखलीला रेणुकादेवीची यात्रा भरते. त्याआधी होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांची माणसे लोटतात, तर आश्विनात देऊळगावराजाच्या बालाजीचा उत्सव असतो. बुलढाणा जिल्ह्यातील या यात्रांची गर्दी कमी झालेली नाही. उलट ती वाढतेच आहे. कमी झाला आहे तो यात्रेतील मुक्काम, आणि मुक्कामाबरोबर यात्रेकरूंचे स्वतःचे गाणे.

एके काळी या भागातील शेतकरी यात्रेला निघे तो दमणी किंवा छकडा जुंपून. गाडीत ज्वारीचे पीठ, डाळ, पांघरुणे, बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या आणि घरातील लहानथोर असत. माळावर बैल सोडले, तीन दगडांची चूल मांडली, की गाडीचेच घर होई. रात्री शेजारच्या गाड्यांवरील मंडळी एकत्र बसत. कोणाकडे टाळ असे, कोणाकडे खंजिरी, तर कोणाकडे नुसता खडा आवाज. एका गावची चाल दुसऱ्या गावाला कळे ती अशा माळावरच. पोरे कडेला पेंगत बसत आणि नकळत ठेका शिकत.

आज यात्रेकरू मोटारीने सकाळी येतो, दर्शन घेतो, मुलांना पाळण्यात बसवतो आणि दिवेलागणीला घरी पोहोचतो. प्रवास सुखाचा झाला याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु जो रात्री थांबत नाही, तो गातही नाही. त्याच्या वाटचे गाणे मग ध्वनिक्षेपक गातो, आणि यात्रेकरू केवळ ऐकणारा उरतो. पुष्कळदा तर तेवढाही नाही, कारण त्या गोंगाटात ऐकण्यासारखे फारसे काही नसते.

या संदर्भात एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत ‘ब्लूग्रास’ नावाचे ग्रामीण वळणाचे संगीत आहे. केंटकी राज्यात जन्मलेले बिल मन्रो (१९११–१९९६) हे त्याचे जनक मानले जातात. त्यांच्या वाद्यवृंदाच्या नावावरूनच या संगीताला नाव मिळाले. फिडल, मँडोलिन, गिटार, मोठा उभा बास आणि बँजो ही त्यातील मुख्य वाद्ये. बँजोचे मूळ गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाद्यांत आहे. १९५० नंतरच्या दशकात रॉक अँड रोलच्या लाटेत हे संगीत मागे पडले. १९६५ मध्ये कार्लटन हेनी यांनी व्हर्जिनियातील फिनकॅसल येथे त्याचा अनेक दिवस चालणारा महोत्सव भरवला, आणि १९६७ पासून इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम येथे खुद्द मन्रो यांचा महोत्सव सुरू झाला. पुढे असे महोत्सव गावोगाव भरू लागले.

त्या महोत्सवांना कित्येक रसिक ‘घरगाडी’ घेऊन येतात. झोपण्याची, स्वयंपाकाची, पाण्याची सोय असलेली ही मोटार मैदानावर उभी करून कुटुंबे तीन-चार दिवस तेथेच राहतात. व्यासपीठावरील कार्यक्रम संपला की गाड्यांच्या आडोशाला खुर्च्यांची कडी पडतात. त्यांत निवृत्त कारकून असतो, शेतकरी असतो, शाळकरी मूलही असते. नवखा कडेला उभा राहून सूर पकडतो आणि धीर आला की आत सरकतो. या संगीताला नवे वादक मिळत राहिले, त्याचे मोठे श्रेय व्यासपीठाइतकेच या मैदानावरील मुक्कामाला दिले पाहिजे.

आपल्या वाचकाला यात अनोळखी असे काय आहे? पंढरीच्या वारीत हेच चालते, आणि कितीतरी जुन्या काळापासून. प्रत्येक दिंडीत विणेकरी असतो, पखवाजवादक असतो, टाळकरी असतात. श्रोता असा वेगळा कोणी नसतोच. दिंडीमागून मालमोटार चालते. तीत तंबू, शिधा, भांडी आणि वारकऱ्यांच्या वळकट्या असतात. ती वेळेवर पोहोचली नाही तर त्या रात्री जेवण नाही आणि निवाराही नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. तिची शिस्त आणि तिचे भजन टिकले आहे, ते रोजचा मुक्काम ठरलेला आहे आणि त्याची व्यवस्था चोख आहे म्हणून.

ही गोष्ट विदर्भाच्याच एका सुपुत्राने फार आधी ओळखली होती. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यात्रेच्या गावी आले की प्रथम हाती खराटा घेत. दिवसा गाव झाडून रात्री ते कीर्तनाला उभे राहत. आणि लोकांनी दिलेल्या पैशातून देवळे न बांधता पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधत. कीर्तन आणि निवारा ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. माणसाला टेकायला स्वच्छ जागा नसेल, तर त्याने ऐकावे तरी कोठे बसून, हा त्यांचा रोकडा विचार होता.

मुक्कामाच्या बाजूने बोलताना जुन्या मुक्कामाचे दोष झाकू नयेत. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरसारख्या यात्रांतून पटकीच्या साथी गावोगाव पसरत. गाड्यांच्या तळावर पुरुष भजनाला बसत, तेव्हा स्त्रिया चुलीशी असत किंवा अंधारात आडोसा शोधत. आज गावोगाव महिलांची भजनी मंडळे आहेत. पण शौचालय, दिवा आणि सुरक्षितता यांची खात्री नसेल, तर त्यांनी माळावर रात्र काढावी असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही. मालवाहू ट्रॉलीत माणसे कोंबून नेणेही गैर आहे; कायद्याने आणि माणुसकीनेही.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेतील ध्वनिक्षेपकाला बंदी केली. शासनाने वर्षातील मोजक्या दिवशी दिलेली सवलतही मध्यरात्रीपर्यंतच असते. पुण्यात भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी रात्र रात्र मैफली चालत. त्यालाही वेळेची मर्यादा पाळावी लागली. परीक्षेच्या दिवसांत शिक्षक आणि विद्यार्थी ध्वनिक्षेपकाविरुद्ध तक्रार करतात ती रास्तच आहे. परंतु ती यंत्राविरुद्ध आहे, गाण्याविरुद्ध नव्हे. शाळेच्या बंद सभागृहात पंधरा माणसांनी टाळावर म्हटलेल्या भजनाने कोणाचा अभ्यास बुडत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. घरगाडी उभी करण्यासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेले तळ व्हावेत, असा त्याचा रोख आहे. कल्पना चांगली आहे. पण ज्याच्याकडे तशी गाडी नाही, जो उसाभर सामान टेम्पोत टाकून दिंडीमागून येतो किंवा एसटीतून गाठोडे घेऊन उतरतो, त्या यात्रेकरूचे काय? मुक्कामाची सोय हा पर्यटनाचा चैनीचा भाग समजला गेला, तर ज्यांनी हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले तेच तळाबाहेर राहतील.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. यात्रेच्या गावातील नगरपरिषदेने वा ग्रामपंचायतीने एक सपाट मैदान मुक्कामासाठी राखावे. तेथे पाण्याचे नळ, स्त्रियांसाठी पुरेशी व उजेडातील शौचालये आणि रात्रीचा पहारा ठेवावा. शाळांनी सुट्टीच्या दिवशी सभागृह आणि ओटे उघडावेत. स्थानिक मंडळींनी एक पेटी, एक पखवाज आणि काही टाळजोड तेथे ठेवावेत. शिक्षक आणि कर्मचारी यांच्या संघटनांनी या कामात पाळ्या लावून घेतल्या, तर एवढी व्यवस्था चिखलीसारख्या गावाला जड नाही.

यात्रेतील गाणे जपायचे म्हणून त्याच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती जमवणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. तेही काम मोलाचे आहे. परंतु चित्रफीत पाहणारा मुलगा एकटा असतो. माळावर पेंगणाऱ्या मुलाच्या हाती कोणीतरी टाळ देत असे. तो टाळ देणारा हात पुन्हा जवळ यावा असे वाटत असेल, तर यात्रेकरूला आधी एका रात्रीची निर्धास्त जागा दिली पाहिजे.