म्हशी राखायला जाशील!

वर्गात मागच्या बाकांवर गडबड सुरू झाली की माझ्या तोंडी एक ठरलेले वाक्य येते, "अभ्यास केला नाहीस तर म्हशी राखायला जाशील!" मराठी शाळेतून आलेली मुले हसतात. कन्नड शाळेतून आलेल्यांसाठी मी लगेच "दना कायाक होगु" अशी जोड देतो, मग तीही हसतात. हे वाक्य काही माझे नव्हे. माझ्या गुरुजींनी ते मला ऐकवले होते आणि त्यांना बहुधा त्यांच्या गुरुजींनी. वीस वर्षे मी ते बिनदिक्कत वापरले. २०२५ साली मात्र ते घशातच अडकले, कारण माझा एक जुना विद्यार्थी खरोखरच गुरे राखायला गेला, आणि तेही ऑस्ट्रेलियात!

मुलगा चिकोडी तालुक्यातला, घरची शेती, शिक्षण बी.कॉम. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली भारतीय तरुणांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' नावाचा व्हिसा खुला केला. वय १८ ते ३०, पदवीची किमान दोन वर्षे झालेली आणि कामापुरते इंग्रजी एवढ्या अटी. वर्षभर तिकडे फिरायचे आणि खर्चासाठी मिळेल ते काम करायचे. जागा वर्षाला १,००० आणि अर्ज करणारे कितीतरी पट, म्हणून सोडत काढतात. याचे नाव निघाले. पाठीवर बोचके टाकून असे हिंडणाऱ्यांना तिकडे 'बॅकपॅकर' म्हणतात. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर पहिल्या वर्षी शहरापासून लांबच्या भागात शेती-पशुपालनासारखे ठरावीक काम सुमारे तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, करावे लागते. म्हणून हा क्वीन्सलँडमधल्या गुरांच्या एका 'स्टेशन'वर जाऊन पोहोचला.

या स्टेशनाचा रेल्वेशी काही संबंध नाही. गुरांच्या अफाट रानाला तिकडे स्टेशन म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातले ॲना क्रीक हे सर्वांत मोठे स्टेशन १५,००० चौरस किलोमीटरहूनही विस्तीर्ण आहे. आपला अख्खा बेळगाव जिल्हा भरतो सुमारे १३,४०० चौरस किलोमीटर! आमच्या पठ्ठ्याचे स्टेशन त्या मानाने लहान, पण किराणा आणायचा तर गाडीने दोन तास. अशा ठिकाणी नव्याने काम शिकणाऱ्या मुलाला 'जॅकरू' म्हणतात आणि मुलीला 'जिलरू'. हो, मुलीही ही कामे करतात, आणि घोड्यावर याच्यापेक्षा बऱ्या बसतात, असे त्यानेच कळवले.

त्याला वाटले होते, पहिल्याच दिवशी सिनेमातल्यासारखा घोडा मिळेल. मिळाली पक्कड. पहिले काही आठवडे काटेरी तारेचे तुटलेले कुंपण सांधणे आणि पाणी बघणे, एवढेच काम. पाणी बघणे म्हणजे सकाळी गाडी घेऊन एकेका बोअरवर जायचे, पंप चालू आहे का, कुंडात पाणी आहे का, तळाशी शेवाळ साचले आहे का, ते पाहायचे आणि पुढच्या बोअरकडे निघायचे. त्या उन्हात एक कुंड कोरडे पडले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर गुरे दोन-चार दिवसांत मरू लागतात. बी.कॉम. झालेल्या मुलाच्या हाती इतकी मोठी जबाबदारी आजवर कोणी दिली नव्हती.

मग मोटारसायकल, मग घोडा. घोड्यावरून तीनदा पडला. पावसाळा सरून रान वाळले की गुरे गोळा करण्याचा हंगाम येतो. त्याला 'मस्टर' म्हणतात. वरून हेलिकॉप्टर हाकते, खालून घोडे आणि मोटारसायकली वळवतात. मग वाड्यात वासरांच्या कानांत बिल्ले मारणे, डाग देणे, खच्ची करणे. ही गुरे दुधाची नव्हेत, मांसाची. आपल्या घरात वाढलेल्या मुलाला हे सोपे गेले नाही. आईला त्याने फक्त "गोठ्यातलं काम हाय" एवढेच सांगितले. वडिलांना मात्र सगळे सांगितले.

त्याचे वडील मला गणपत गल्लीत भेटले. "काय सर, तुमचा विद्यार्थी तिकडं जनावरं राखतोय बघा की!" म्हणाले. आवाजात राग होता की कौतुक, मला कळेना. मी म्हटले, "मामा, तो शिकतोय तिकडे." आणि मुलाने मला फोनवर सांगितलेली युक्ती मी त्यांना मोठ्या हौसेने सांगितली. जनावराच्या खांद्यापाशी एक अदृश्य रेघ असते. तुम्ही रेघेच्या मागे राहून जवळ गेलात, तर जनावर पुढे चालते. रेघेच्या पुढे गेलात, तर ते मागे फिरते. ओरडावे लागत नाही, काठी मारावी लागत नाही. तिकडे याला 'पॉइंट ऑफ बॅलन्स' म्हणतात.

मामा हसले. "त्यात काय नवीन सर? आमच्या आज्ज्यापास्नं असंच चालू हाय."

"मग मुलाला कधी शिकवलं नाही?"

"तुम्हीच म्हणत होता न्हवं, शिकला न्हाईस तर म्हशी राखशील म्हणून? मग त्याला गोठ्यात येऊच दिलं न्हाई."

वाचकहो, मला काही उत्तर सुचले नाही.

मामांनी मग खिशातून मोबाईल काढून मुलाने पाठवलेला फोटो दाखवला. उंच वशिंडाची, लोंबत्या पोळीची करडी गुरे. "ही तर आपल्याकडची वाटत्यात," म्हणाले. ते बरोबर होते. उत्तर ऑस्ट्रेलियात आज मुख्यतः 'ब्राह्मण' आणि तिच्या संकराची गुरे दिसतात. ऊन आणि गोचीड सोसणारी ही जात अमेरिकेत भारतीय गुरांपासून तयार झाली आणि १९३३ मध्ये क्वीन्सलँडला आणली गेली. तिच्या पूर्वजांत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठचीही जात आहे. एकोणिसाव्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी काळ्या जमिनीच्या नांगरटीसाठी जोपासलेली ही जात पुस्तकात 'कृष्णा व्हॅली' नावाने नोंदलेली आहे. ट्रॅक्टर आले, आणि कृष्णाकाठीच ती आता शोधावी लागते.

आता घरोघरी या सोडतीची चौकशी होते, म्हणून दोन शब्द काळजीचे. हा व्हिसा म्हणजे नोकरीची हमी नव्हे. दिवस भरून घेण्यासाठी मालकाच्या कागदावर अवलंबून राहावे लागते, आणि त्याचा फायदा घेणारेही असतात. तिथल्या सरकारी कामगार यंत्रणेने बॅकपॅकर कामगारांच्या चौकशीचा अहवाल २०१६ साली दिला, तेव्हा कमी पगार आणि पिळवणुकीची अनेक प्रकरणे उघड झाली. म्हणून पगाराची पावती मागावी, कामाचे तास स्वतः लिहून ठेवावेत, कुठे राहणार त्याचा पत्ता घरी द्यावा. आजारपणाची भीती वाटते, तर विमानाने येणारी डॉक्टरांची सेवा तिकडे १९२८ पासून आहे. पण एकटेपणावर विमान येत नाही. त्यासाठी घरचा फोनच लागतो.

आमच्या मुलाचे ८८ दिवस भरले, दुसऱ्या वर्षाचे कागदही झाले. पूर्वी बापलेकांचे बोलणे "जेवलास का?" इथे संपायचे. आता तो विचारतो, "बाबा, जनावर आजारी हाय हे कानावरनं कसं ओळखायचं?" आणि मामा अर्धा-अर्धा तास बोलतात.

परवा वर्गात पुन्हा गडबड झाली. वाक्य ओठांवर आले, ते मी गिळले आणि विचारले, "तुमच्यापैकी धार काढता येते कुणाला?" मागच्या बाकावरचा एक हात वर आला, इकडेतिकडे पाहून अर्ध्यावर खाली गेला. मी त्याला उभे केले आणि म्हटले, "सांग, कशी काढतात ती." तो निम्मे मराठीत, निम्मे कन्नडमध्ये बोलत राहिला, तास संपल्याची घंटा होईपर्यंत. त्या दिवशी मागच्या बाकांवर गडबड झाली नाही.