डळमळती गाडी, अवघडलेला सारथी

गेल्या वर्षी आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आतील बाके काढवून दोन बिछाने, शेगडीचा ओटा व पाण्याची टाकी बसवून घेतली. मातोश्रींना आता धर्मशाळेचे जिने झेपत नाहीत. निजण्याची सोय गाडीतच असली तर पंढरपूर घडेल, एवढाच हेतू. (आमच्या पिढीचा जीव खरे तर मॅटाडोरवर. ती 1969 साली आली, ट्रॅव्हलर 1987 साली.)

पहिल्याच प्रवासात, निपाणीअलीकडच्या तवंदी घाटात, एक टँकर शेजारून गेला आणि आमची गाडी आधी त्याच्याकडे ओढली गेली, मग दूर फेकल्यासारखी झाली. थोरल्या बंधूंनी ती कशीबशी सावरली. निपाणीत उतरल्यावर त्यांना चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरावी लागली. पंढरपूर राहिले, आम्ही तिथूनच परतलो.

एका स्नेह्याने स्टिअरिंगला धक्के शोषणारा डँपर बसविण्याचा सल्ला दिला. तो घेऊनच आम्ही उद्यमबागेत एका मिस्त्रींकडे गेलो. ओतशाळा आणि लेथ यांच्या त्या वसाहतीत आयुष्य गेलेल्या या गृहस्थांनी डँपरला हातही लावला नाही. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "काका, दोष गाडीचा कमी, तुमच्या संसाराचा जास्त आहे बघा."

टाकी दीडशे लिटरची, म्हणजे पाणीच 150 किलो. आणि ती मागच्या चाकांच्याही एक मीटर मागे टांगलेली. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 3.35 मीटर. तराजूच्या न्यायाने पुढच्या चाकांवरचा सुमारे 45 किलो भार उचलला जातो आणि मागे 195 किलोची भर पडते. पुढची चाके हलकी झाली की रस्त्यावरची त्यांची पकड सैल होते. वाऱ्याचा झोत आला की गाडी भरकटते आणि चालक क्षणाक्षणाला चक्र सावरीत बसतो. शीण येतो तो या सावरण्याचा! टाकी दोन्ही चाकांच्या मधे, खाली आणविली. वरच्या कपाटातली पितळी भांडी (हा आमच्या घरातला नाजूक विषय) जमिनीलगत आली.

मग टायरमधली हवा, प्रत्यक्ष वजनाला अनुसरून, सकाळी टायर थंड असताना भरली. पुढे एकाने चक्र डावे-उजवे हालवायचे व दुसऱ्याने खाली वाकून पाहायचे, अशी तपासणी झाली. टायरॉडचा एक सांधा झिजलेला निघाला. तो बदलून, सगळे सामान गाडीत असतानाच, अलाइनमेंट करविली. रिकाम्या गाडीची अलाइनमेंट आमच्यासारख्यांच्या काय उपयोगाची? डँपरविषयी मिस्त्रींचे म्हणणे असे, की सांध्याची झीज तशीच ठेवून तो बसविला तर थरथर झाकली जाते, झीज वाढतच राहते.

राहिले बंधूंचे आसन. पाठ टेकवून हात लांब केले असता मनगट चक्राच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. बंधूंची बोटेदेखील जेमतेम पोचत होती. इतके दिवस ते चक्राला लोंबकळूनच गाडी हाकीत होते. आसन दोन इंच वर, तीन इंच पुढे घेतले आणि कमरेमागे सौभाग्यवतींनी शिवलेली लहान लोड दिली.

कार्तिकीनंतर गर्दी ओसरल्यावर पुन्हा निघालो. तवंदी घाटात मातोश्रींना झोप लागली होती. निपाणीत बंधूंनी चहा घेतला, तो एका हाताने. दुसऱ्या हातात वर्तमानपत्र होते.