पोरगं अठराचं झालं. आता सही कुणाची?

पोरगं गतिमंद असलं तरी अठरा पूर्ण झाली की कायद्यानं सज्ञान. मग त्याच्या बँक खात्यावर आईची सही चालत नाही आणि घरच्यांना कळतच नाही, अडलं कुठं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो. तो नेमते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती. पण हे गावात सांगतंय कोण? शिबिरं प्रमाणपत्रापाशीच संपतात. आईबापामागं सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल खरं, पण त्याचा हिस्सा सांभाळणार कोण? नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. बांध कोरणाऱ्या भाऊबंदांपुढं हाच कागद ठेवता येतो.