भिंतीवरचे ते सात घोडे आधी उतरवा

गेल्या वर्षभरात पळस्पे फाट्याच्या आसपास मी नऊ वास्तुशांतींना जेवले. नव्या टॉवरमधले नवे फ्लॅट, बहुतेक घरं ओळखीतली. त्यातल्या सहा घरांत सोफ्याच्या मागे एकच चित्र होतं. पाण्याच्या फेसातून उधळत येणारे सात पांढरे घोडे. चित्र कुठल्या भिंतीवर लावायचं, घोड्यांची तोंडं कुठल्या बाजूला हवीत, याचे नियम प्रत्येक घरात पाठ होते. घोडे किती खोटे काढलेत, हे मात्र कुणी बघितलं नव्हतं.

पाच चित्रं प्रिंट होती. सहावं माझ्या हातचं होतं. तीन फूट बाय दोन, कॅनव्हासवर ऑइल. त्याचे मी पैसेही घेतले होते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात पहिली आरोपी मीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या घरांतली ही घोड्यांची, गुरांची, 'रांच'ची चित्रं निरुपद्रवी शोभेच्या वस्तू नाहीत. आपल्या दारातलं जनावर बघायचं नाही, म्हणून ती लावली जातात. आणि आमच्यासारखी हौशी मंडळी ती काढून या न बघण्याला मदत करतात.

माझा माँटाना

मी इंजिनिअर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं आणि संध्याकाळी करायला काही उरलं नाही, तेव्हा सॉफ्ट पेस्टलचा डबा मागवला. शिकले यूट्यूबवर. तिथे प्राणी काढायला शिकवणारे बरेचसे अमेरिकन. त्यांचे रेफरन्स फोटोही तिकडचेच. मावळतीला उडणारी धूळ, लाकडी कुंपण, हॅट घातलेला माणूस, हातात दोराचा फास, आणि चमकत्या अंगाचा क्वार्टर हॉर्स. गाय काढायची तर हेरफर्ड. तांबडं अंग, पांढरं तोंड, टेबलासारखी सपाट पाठ.

दोन वर्षांत हात बसला. घोड्याच्या मानेवरची चमक मी झोपेतही काढली असती. इन्स्टाग्रामवर लाइक यायचे. मी कधी घोड्यावर बसले नव्हते, अमेरिका फक्त टीम कॉलमध्ये ऐकली होती, आणि पनवेल तालुक्यात बसून मी माँटानाची चित्रकार झाले होते.

मग एके दिवशी आजी म्हणाली, आपला मोऱ्या काढ.

मोऱ्या आमचा बैल. मोऱ्या आणि बाळ्या अशी जोडी होती. मी सहावीत असताना विकली. त्याआधी अकरा वर्षं मी त्यांच्यासोबत राहिले. दिवाळीच्या पाडव्याला आजोबा गेरूत हात बुडवून त्यांच्या अंगावर पंज्याचे ठसे उठवायचे, आणि शेवटचा ठसा माझा असायचा. म्हणजे मी रंगवलेलं पहिलं जनावर मोऱ्याच होतं, तेही कागदावर नव्हे, थेट त्याच्या अंगावर.

तो मला काढता येईना. हात आपोआप हेरफर्डची पाठ ओढायचा आणि मी तिच्यावर नंतर वशिंड ठेवायचे, पाठीवर दप्तर ठेवावं तसं. गळ्याखालची पोळी कुठून सुरू होते, शिंगं डोक्याच्या कुठल्या कोनातून निघतात, वेसणीने नाकपुडी किती ताणली जाते, काही आठवेना. तीन दिवस खपून काढलेलं चित्र आजीला दाखवलं. ती म्हणाली, "यो मोऱ्या नाय गो. यो कुनाचा?"

यो कुणाचाच नव्हता.

'घोडा तो घोडाच'

यावर एक उत्तर तयार असतं. कला मुक्त असते, घोडा तो घोडाच, कुठला का असेना. ऐकायला बरं वाटतं. पण चित्र काढणाऱ्याने हे म्हणणं म्हणजे इंजिनिअरने 'कोड तो कोडच' म्हणण्यासारखं आहे.

एकट्या महाराष्ट्रात गुरांच्या किती जाती आहेत बघा. माणदेशाकडची खिलार, लांब मागे झुकलेल्या शिंगांची. मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी. विदर्भातली गवळाऊ. सह्याद्रीच्या पावसात टिकणारी डांगी. आणि आपल्या पट्ट्यात बुटकी, काटक कोकण कपिला, जिच्याकडे कोणी 'जात' म्हणून बघतही नव्हतं. प्रत्येकीचं वशिंड, शिंग, चाल वेगळी. यातल्या दोन तरी ओळखता येतात का, हे एखाद्या ड्रॉइंग क्लासमध्ये विचारून बघा. तीच मुलं काउबॉयची हॅट डोळे मिटून काढतील.

घोड्यांचंही तेच. दरवर्षी भातकापणी झाली की धनगरांचे वाडे घाट उतरून रायगडात येतात. मेंढ्यांच्या मागे घोडी असतात. बुटक्या, पोटाला सुटलेल्या, पाठीवर अख्खा संसार. भांडी, घोंगड्या, वर बांधलेली कोंबडी, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. रिकाम्या खाचरांत शेतकरी मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाआधी सगळे परत घाटावर. गुरं, कुत्री, घोडी, मोकळं आकाश आणि मैलोन्‌मैल चाल. याला इंग्रजीत काय म्हणाल? आणि हे सगळं गोवा हायवेच्या कडेने, कंटेनर यार्डांच्या पत्र्यांना घासून जातं.

त्या तट्टांची भीमथडी ही देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून आता अधिकृत नोंद झाली आहे. महाराष्ट्राच्या राज्यगीतात ज्यांचं नाव येतं तीच ही तट्टं. गीत लागलं की आपण ताठ उभे राहतो. तट्टू हायवेवर समोर आलं की हॉर्न वाजवतो. आणि घरी येऊन फेसातल्या पांढऱ्या घोड्यांखाली बसतो.

ते सूर्याच्या रथाचे घोडे आहेत, असंही मला ऐकवलं गेलं. असतील. मग सूर्य कुठे आहे? रथ कुठे आहे? सारथी अरुण कुठे गेला? कामाचं सगळं काढून टाकलं आणि नुसता वेग ठेवला. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हाच देव परवडतो.

काउबॉयने खरंच काय काढलं

गंमत अशी की ज्यांची आपण नक्कल करतो त्यांनी नक्कल केली नव्हती. चार्ल्स रसेल सोळाव्या वर्षी घर सोडून माँटानाला गेला आणि गुरं राखू लागला. १८८६-८७ चा हिवाळा तिथे भयंकर गेला, गुरं हजारोंनी मेली. मालकाने पत्रातून विचारलं, कळप कसा आहे? उत्तर म्हणून रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात एक गाय काढून पाठवली. बर्फात उभी, बरगड्या मोजता येतील अशी, आणि ती पडायची वाट बघत थांबलेले लांडगे. त्याचं नाव झालं ते या चित्राने.

म्हणजे 'रांच' चित्रकलेच्या मुळाशी मावळतीची सोनेरी धूळ नाही, एक मरायला टेकलेलं जनावर आहे. राखणाऱ्याने काढलेलं, मालकाला दाखवलेलं. रसेलची खरी नक्कल करायची असेल तर पळस्प्यात बसून माँटाना काढणं बंद करावं लागेल.

'मग हुसेनचं काय?'

हा प्रश्न मला एका मित्राने विचारला आणि तो रास्त आहे. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे घोडेही कुठे पंढरपूरच्या टांग्याचे होते? मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल, १९५२ च्या चीनच्या दौऱ्यात बघितलेले तांग काळातले मातीचे घोडे, असं बरंच काही त्यांत मिसळलेलं आहे.

बरोबर. पण मिसळणं आणि उतरवून काढणं यांत फरक आहे. हुसेन यांची पन्नासच्या दशकातली चित्रं बघा. १९५४ च्या 'ग्रामयात्रे'त गावातल्या रोजच्या जगण्याचे तुकडे शेजारी शेजारी मांडले आहेत. १९५५ च्या 'जमीन'ला ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात पारितोषिक मिळालं. माती, बैल, बाई, चाक हे सगळं त्यांनी आधी पचवलं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 'ग्रामयात्रा' सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला गेलं. रुपयांत शंभर कोटींच्या वर. त्याआधी कित्येक वर्षं ते ओस्लोच्या एका रुग्णालयाच्या मालकीचं होतं. गावाचं चित्र जगात कुणाला नको असतं, असं निदान आता तरी म्हणू नका.

शर्यतीचा बैलही तोच घोडा

इथवर वाचून काहींना वाटेल, ही 'गावाकडच्या' चित्रांची बाजू घेते आहे. नाही. त्यांच्यावरही माझा तेवढाच राग आहे.

पनवेलच्या बाजूला बैलगाडा शर्यतीचं वेड आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून फोन उघडला की बैल. स्लो मोशन, ड्रोन, गुलाल, मागे दणदणीत गाणं. आता त्या रीलवरून ऑइल पेंटिंग करून देणारेही आहेत. पण त्यात बैल कोणता? जिंकणारा. छकड्याला जुंपलेला, लाखांत किंमत असलेला. चिखलणीत गुडघाभर रुतलेला, खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला, गोठ्यात रवंथ करत माश्या हाकणारा बैल कुठेच नाही. पांढऱ्या घोड्याला वशिंड लावलं, एवढाच बदल.

आणि मला बैल परत आणायचे नाहीत. बैल विकले तेव्हा बाबांना सुटल्यासारखं झालं होतं. पॉवर टिलरला रोज पेंढा लागत नाही. आमच्या खाचरांवर आज कंटेनर उभे आहेत, त्यांच्या भाड्यातून माझी इंजिनिअरिंगची फी गेली. हे सगळं उपभोगून 'गेले ते दिवस' म्हणणं खोटेपणा होईल. माझं मागणं इतकंच की, जे होतं आणि अजून थोडं आहे, ते जसं आहे तसं कोणीतरी काढावं.

फोटो आहेत की

असतील. फोटोला मी कमी लेखत नाही. शतकानुशतकं चित्रकार धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय हवेत पसरलेले काढत होते. १८७८ मध्ये मायब्रिजच्या कॅमेऱ्याने दाखवलं की चारही पाय एकदम हवेत असतात खरे, पण पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळा चुकला होता, कॅमेऱ्याने सुधारला.

पण फोटो काढायला क्षण लागतो, चित्राला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं गोठ्यासमोर बसलात की मालक येतो. आधी संशयाने बघतो, मग बैलाचं नाव सांगतो, मग तो कुठून आणला, किती दात, काय खातो, कधी विकणार. एवढ्या वेळात त्या जनावराचं पोट आत-बाहेर कसं होतं ते हाताला कळतं. गॅलरीतले चार हजार फोटो मी परत बघत नाही.

आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट. एका इमेज मॉडेलला मी सांगितलं, कोकणात भाताच्या खाचरात राबणारा बैल काढ. कधी म्हैस आली, कधी वशिंड नसलेली विलायती गाय, आणि एकदा वशिंड आलं तर अंग शर्यतीच्या बैलासारखं तकतकीत. मशीन लबाड नाही. आपण जे चढवतो तेच ती शिकते. मी स्वतः तिला दोन वर्षं माँटाना चढवून दिला आहे.

जाडा नव्हता

गेल्या पावसाळ्यानंतर मी गावातल्या एका शेवटच्या जोडीसमोर रविवारी बसायला लागले. ब्राउन पेपर, कोळसा, गेरू आणि पांढऱ्या पेस्टलची एक कांडी. पावसाळ्यात ऑइल लवकर वाळत नाही, पेस्टलला दमट हवा लागते, कागदाला एवढं कळत नाही. सात-आठ रविवारांनी पुन्हा मोऱ्या काढला आणि आजीला दिला. तिने बराच वेळ बघितला. शिंगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मोऱ्या इतका जाडा नव्हता गो."

मी बरगड्या काढल्या. मागच्या मांडीचं हाड वर आणलं. आता आजी काही बोलली नाही, चित्र स्वतःजवळ ठेवून घेतलं.

ते हॉलमध्ये लावू या म्हटल्यावर बाबा म्हणाले, "पाहुण्यांसमोर नको."

तेव्हा मला सात घोड्यांचा अर्थ लागला. मोऱ्या बारीक होता, कारण आम्ही बारीक होतो. चैत्र-वैशाखात त्याला पेंढा कमी पडायचा तेव्हा आमच्याही ताटात कमी असायचं. ते भिंतीवर लावलं की पाहुण्यांना दिसणार. धष्टपुष्ट पांढरा घोडा ही गोष्ट कुणाला सांगत नाही, म्हणून तर तो हवा असतो. बाबांचा राग येत नाही मला. ती लाज त्यांनी कमावलेली नाही, त्यांच्यावर लादलेली आहे. पण ती झाकायला मी आता चित्र काढून देणार नाही. सात घोड्यांच्या दोन ऑर्डर आल्या होत्या, दोन्ही परत केल्या.

तुम्हीही तुमच्या भिंतीकडे एकदा बघा. ते घोडे उतरवा. खिळा राहू द्या. मग खाली जा, जे जनावर दिसेल त्याच्यासमोर, मालकाला विचारून, चाळीस मिनिटं बसा. हायवेच्या दुभाजकावर बसलेली गाय चालेल. चित्र वाईट येईल. ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि काय चुकलं ते विचारा.

भातकापणी झाली की धनगरांची घोडी पुन्हा या रस्त्याने येतील. मी फाट्यावर कागद घेऊन उभी असेन. हॉर्न वाजवू नका.