फलाटावर निजणारी मुले

वाचकहो, या अंकात हिवाळ्यातील दम्याविषयी लिहिण्याचे योजिले होते. तो विषय पुढील पंधरवड्यावर टाकतो. कारण आमगाव तालुक्यातील एका वयोवृद्ध भगिनींचे पत्र. महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट पाहत त्या गोंदिया स्थानकावर बसल्या असता दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्यासमोर येऊन हात पसरून उभा राहिला. त्याच्या मुठीत एक मळका फडका होता आणि तो फडका तो वारंवार नाकाशी नेत होता. त्यांनी दहा रुपये दिले आणि तो निघून गेला. त्या विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, मी काय करावयास हवे होते?’

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र ही मुले जगतात कशी, हे समजून घेतल्याशिवाय देता येत नाही.

गोंदिया हे मोठे जंक्शन. हावडा-मुंबई या मुख्य मार्गावरचे, शिवाय जबलपूरकडे आणि बल्लारशाकडे जाणारे फाटे येथूनच फुटतात. दुपारी येथून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढलेले मूल दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमा तर हाकेच्या अंतरावर. घर सोडलेल्या मुलाला रेल्वेचे स्थानक जवळचे वाटते, कारण तेथे रात्रभर दिवे असतात, माणसे असतात, नळाला पाणी असते आणि कोणी फारसे विचारीत नाही.

आपली समजूत अशी की, या मुलांचा मुख्य शत्रू भूक. माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. गाडीतील उरलेले अन्न, देवळातील महाप्रसाद, एखाद्या हॉटेलवाल्याने दिलेली भजी यांवर पोट कसेबसे भरते. पोषण होत नाही, ही गोष्ट वेगळी. खरी टंचाई असते ती निर्धास्त झोपेची. रात्री कोणी लाथ मारून उठवतो, कोणी खिसा चाचपतो, कोणी त्याहून वाईट हेतूने जवळ येतो. म्हणून ही मुले टोळीने निजतात, भटक्या कुत्र्यांना कुशीत घेऊन निजतात. टोळीत एखादा थोराड मुलगा ‘दादा’ असतो; तो संरक्षण देतो आणि त्याचे मोलही वसूल करतो. हाती आलेला पैसा रात्रीपर्यंत ती उडवून टाकतात, त्यालाही कारण आहे. शिल्लक ठेवलेला पैसा सकाळी उरत नाही. आपण ज्याला उधळेपणा म्हणतो, तो त्यांच्या जगातला व्यवहार असतो.

आता त्या फडक्याविषयी. पंक्चर काढण्याचे सोल्युशन किंवा तत्सम द्रव त्यावर ओतून मुले हुंगतात. त्यातील टोल्युइनसारखी द्रव्ये काही क्षणांत मेंदूत पोहोचतात; भूक, थंडी आणि भीती तेवढ्यापुरती बोथट होतात. डिसेंबर-जानेवारीतील आपल्या जिल्ह्याची थंडी आपण जाणताच. दीर्घकाळ हुंगल्यास मेंदू, मज्जातंतू, श्रवणशक्ती आणि मूत्रपिंडे यांची हानी होते. याहून महत्त्वाची एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते: असे द्रव हुंगलेल्या मुलाचे हृदय अकस्मात भीतीने किंवा धावपळीने बिघडलेल्या लयीत जाऊन जागीच थांबू शकते. म्हणून अशा मुलावर एकाएकी ओरडू नये, त्याचा पाठलाग करू नये, फडका हिसकावू नये. जवळ कोणी बिडी पेटवीत असेल तर त्याला मात्र दूर करावे. हे द्रव झटकन पेट घेतात.

तर भगिनींनो आणि बंधूंनो, पैसे देऊ नयेत. ते बहुधा सोल्युशनच्या नळीत किंवा दादाच्या खिशात जातात. शेजारी बसवून खाऊ घालावे. मूल दोन-चार दिवसांचे उपाशी दिसले तर पोटभर आग्रह न करता थोडेथोडे द्यावे. ‘घर कुठे?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘बेटा, जेवलास का?’ हा असावा. आपल्या पिशवीतील औषधाच्या डब्याला हात लावू नये, हे ज्येष्ठांना मुद्दाम सांगतो. तापलेल्या मुलास अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकते आणि आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या तर त्याच्या हाती पडताच कामा नयेत. कुत्रा चावल्याची जखम दिसली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. लस सरकारी रुग्णालयात मिळते. मुले हा चावा लपवितात, कारण तो कुत्रा त्यांचाच सोबती असतो.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, हेही ध्यानी असू द्यावे. डोळे पिवळसर, हातापायांत असह्य कळा आणि अंगाचे मुटकुळे करून पडलेले मूल सोंग करीत आहे, असे मानू नये. थंडी आणि पाण्याची कमतरता या दोहोंनी हे दुखणे उसळते. अशा मुलास पांघरूण, पाणी आणि रुग्णालय यांची तातडीने गरज असते.

मग १०९८ हा क्रमांक फिरवावा. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयोगातून ही सेवा उभी राहिली. ‘दस-नौ-आठ’ असा तिचा उच्चार मुलांच्या तोंडी बसला. रेल्वेच्या आवारात १३९ हा क्रमांक अथवा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार आढळलेल्या मुलास प्रवासाचा काळ वगळता चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे नेणे बंधनकारक आहे. आपण त्या मुलास परस्पर घरी नेऊ नये, हेतू कितीही चांगला असला तरी.

आणखी एक गोष्ट आजी-आजोबांसाठी. धान कापणी उरकली की आपल्याकडील कितीतरी जोडपी कामासाठी बाहेरगावी जातात आणि नातवंडे थकलेल्या हातांत सोपवितात. शाळा बुडवणे, उशिरा परतणे, घरातील वस्तू नाहीशा होणे, स्थानकाकडे फेऱ्या वाढणे, ही लक्षणे दिसताच मारहाण न करता बोलावे. मारच मुलांना गाडीत बसवितो. आईवडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावी. म्हातारपणी दुसऱ्यांदा आईबाप होणे सोपे नाही, आणि ही मदत मागण्यात कमीपणाही नाही.

मूल परत आलेच, तर पहिले काही दिवस जाबजबाब नकोत. ते खूप झोपेल, झोपू द्यावे. चप्पल घालून झोपेल, उशीखाली पोळी लपवील. तीही दोन दिवस तेथेच राहू द्यावी. आठवडाभरात त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी करावी, जंताचे औषध व धनुर्वाताची लस द्यावी आणि खरूज असल्यास घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावेत.