यादीत तीजनबाई नाहीत

महिनाभर रोज एक नवा अल्बम ऐकायचा आणि शेवटी आवडत्यांची यादी काढायची, हे वेड आता भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या आम्हा मराठी मंडळींतही आलं आहे. येऊ दे. पण याद्या बघा : कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व', अभिषेकीबुवांची नाट्यपदं, चवीपुरता परदेशी जॅझ. तीजनबाई कुठेच नाहीत.

बाई जवळच्याच गनियारीच्या. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या. 2019 साली पद्मविभूषण. बायकांनी बसूनच पंडवानी गायची, असा रिवाज असताना त्या उभ्या राहिल्या, पुरुषांच्या कापालिक शैलीत गायल्या. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात दुःशासनाचा उपटलेला हात. हे आपल्याला 'लोककला' म्हणून सरकारी समारंभात चालतं. 'संगीत' म्हणून घरात नाही.

म्हणे, पंडवानी रात्रभर चालते, अल्बममध्ये मावत नाही. बैठकीतला ख्याल तरी तबकडीत कुठे मावत होता? म्हणे, छत्तीसगढी कळत नाही. बाजारात भाव करताना बरी कळते!

आणि ज्या कुमारांना यादीत पहिला मान, ते 1948 मध्ये देवासला आले, क्षयाने अंथरुणाला खिळले, तेव्हा कान देऊन काय ऐकत होते? माळव्यातल्या बायकांची गाणी. त्यांचे धुनउगम राग त्यातूनच आले.

पुढच्या महिन्यात निदान आठवडाभर तीजनबाईंचं द्रौपदी-वस्त्रहरण लावा. ध्वनिमुद्रणं मिळतात. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्येही त्या आहेत.